पुढचा दांडा

उस्तादांनी जीपच्या मागच्या हाउसिंगचं, म्हणजे एक्सलच्या लोखंडी पेटीचं, झाकण उघडलं, आतल्या मोठ्या दातेरी चक्रावरचं, क्राउनवरचं, काळं ऑइल चिंधीनं निपटून काढलं, एका दातावर खडूची रेघ ओढली आणि हातानं फिरवत फिरवत ते दात मोजायला लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रेघ पुन्हा वर आली तेव्हा म्हणाले, "त्रेचाळीस." मग सरकत सरकत गाडीच्या पुढच्या टोकाला गेले. तिथलं झाकण आदल्या दिवशीच उघडून ठेवलेलं होतं. तिथे भरले एकोणचाळीस. पोराला हाक मारून त्याच्याकडून पुन्हा मोजून घेतले, त्याचेही एकोणचाळीसच आले. उस्ताद तिथेच मांडी घालून बसले आणि पोट धरून हसले. "ताई, तुमची गाडी पुढून लढाईवरनं आलीय आणि मागून कांदिवलीहून!" शेजारच्या सीट-कव्हरवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तोही हसला. रिक्षातून घरी येताना मात्र ते दोन आकडे माझ्या डोक्यातून जाईनात. बारावीला फिजिक्स शिकवायची इतकी वर्षं सवय झालीय की आकड्यांची जोडी दिसली की भागाकार आपसूक होतो.

क्राउनला फिरवणारं छोटं दातेरी चक्र म्हणजे पिनियन. दोन्हीकडचे पिनियन ८ दातांचे. म्हणजे पुढे ३९ भागिले ८, सुमारे ४.८८. मागे ४३ भागिले ८, सुमारे ५.३८. पहिला आकडा दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतल्या विलीज आणि फोर्ड जीपचा, दुसरा नंतरच्या सिव्हिल जीपचा, म्हणजे सीजेचा, आणि म्हणून आपल्या कांदिवलीच्या महिंद्राचाही. गिअरबॉक्सच्या मागे जी ट्रान्सफर केस असते ती एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या पुढच्या आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टला एकाच वेगानं फिरवते, तिच्याकडे भेदभाव नाही. पुढचं कनेक्शन सोडलेलं असेल तोवर सगळं सुरळीत. ते जोडलं की मागचं चाक १० मीटर जातं तेवढ्यात पुढच्या चाकाला ११ मीटर जायचं असतं. चिखलात चाकं घसरतात, हिशेब चिखलातच मिटतो. डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. मग तो एक मीटरचा फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातो आणि शेवटी ज्याचा जीव सगळ्यात लहान ते मोडतं. शाफ्टच्या सांध्यातला एखादा क्रॉस, एखादा दात, एखादं एक्सल.

आमच्या घरात तो दांडा ओढायला मनाई होती.

जीपमध्ये मधोमध तीन दांडे असतात. लांब तो गिअरचा, आणि शेजारी दोन बुटके. एक हाय-लोचा, म्हणजे वेग हवा की जोर ते ठरवण्याचा, दुसरा पुढच्या चाकांना ताकद देण्याचा. माझं लग्न होऊन मी एरंडवण्यातल्या त्या बंगलीत आले तेव्हा पत्र्याच्या शेडमधली ती जीप मला आधी दाखवली गेली आणि स्वयंपाकघर नंतर. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः दाखवली. डॅशबोर्डवरची वेगमर्यादेची पट्टी, तिच्यावरचे ६५ मैलांचे अमेरिकन स्वप्न, पावसात कुबट होणारा ताडपत्रीचा हुड, आणि मग बोट दाखवून, "याला हात लावायचा नाही." कारण दिलं नाही. आप्पा कारणं देणाऱ्यातले नव्हतेच. ते पाटबंधाऱ्याची छोटी छोटी कामं घेणारे ठेकेदार; कालव्याचं अस्तर, मोऱ्या, असलं काही. वेल्हे, भोर, मुळशी या पट्ट्यात त्यांची साइट असायची आणि सत्तरच्या दशकात कुठल्याशा डिस्पोजलवाल्याकडून त्यांनी ही जीप उचलली होती. घाट उतरताना दुसरा गिअर सुटायचा, म्हणून ते गुडघा दांड्याला लावून बसायचे. पाय अवघडायचा, पण तक्रार नाही. पहिल्या गिअरला वेग जुळवून देणारा सिंक्रो नाही, गाडी पुरती थांबल्याशिवाय तो पडत नाही, पडला तर खालून ओरडतो. या सगळ्याची त्यांनी इतकी सवय करून घेतली होती की आम्हाला वाटायचं, जीप अशीच असते.

माझ्या नवऱ्याला या गाडीचा राग आहे. तो कधी मोठ्यानं बोलत नाही, पण शेडकडे जात नाही. त्याचं मूळ पानशेतच्या एका पावसाळी दिवसात आहे आणि ही गोष्ट आमच्याकडे गणपतीला सगळे जमले की सांगितली जाते, दर वेळी हसून. बारावीच्या सुट्टीत तो मित्रांना घेऊन, आप्पांची परवानगी काढून, जीप घेऊन गेला. धरणाच्या कडेला चिखलात रुतली. त्यानं तो मनाईचा दांडा ओढला. जीप डुकरासारखी चिखल उडवत बाहेर आली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्याच तोऱ्यात तो डांबरी रस्त्याला लागला. थोडं अंतर गेल्यावर खालून कण्हल्यासारखा आवाज, स्टिअरिंग जड, आणि मग दांडा अडकला तो अडकलाच. दोघांनी मिळून ढकलला तरी जाईना. कुणाच्या तरी घरून फोन गेला, आप्पा एस.टी.नं आले. काही बोलले नाहीत. गाडीत बसले, रिव्हर्स टाकला, हळूच पाच-सहा फूट मागे घेतली, आणि दांडा दोन बोटांनी परत सरकवला. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. त्यानंतर नवऱ्याला जीपची किल्ली मिळाली नाही, आणि त्यानंही मागितली नाही. आपल्या हातावर बापाचा भरवसा नाही एवढंच त्यानं त्यातून घेतलं.

रिव्हर्स का टाकला, हे कुणी विचारलं नव्हतं.

पीळ भरला की दातांवर इतका दाब येतो की सरकता गिअर सरकतच नाही. चाकं उलटी फिरवली की पीळ उतरतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याला आत काय झालंय तेही ठाऊक असतं. त्या रात्री मी ओट्याशी उभी राहून हा विचार केला आणि कुकरची शिट्टी मोजायची राहून गेली. आप्पांना माहीत होतं.

आता जीप नाना पेठेत उस्तादांकडे का गेली ते सांगायला हवं. आमची बंगली आणि शेजारची दोन घरं मिळून इमारत व्हायची आहे, शेड पाडायची आहे, आणि जीप जायची तर चालत जायला हवी, टोइंगवर नको, असं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं. चालायला ती तयार नव्हती. ट्रान्सफर केसमधून ऑइल ठिबकत होतं, तिसऱ्यात घरघर, सोडल्यावर मागून टण्ण असा आवाज. उस्तादांच्या वडिलांचं गॅरेज आप्पांना माहीत होतं, म्हणून तिकडे. गॅरेज म्हणजे एक बोळ, त्यावर पत्रा, एका बाजूला ड्रमभर डिझेल ज्यात सगळे पार्ट धुतले जातात, आणि भिंतीवर पान्यांची रांग, प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराचा पुसट तेलकट डाग. जुन्या गिअर ऑइलचा वास एकदा नाकात बसला की साबणानं जात नाही. गंधकाचा, जरासा सडक्या कांद्याचा, आणि मला तो आवडायला लागला हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. पहिले काही दिवस मला स्टूल दिलं जायचं आणि चहा. नंतर हातात चिंधी दिली गेली.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली उतरवतात. खालची पट्टी काढायची, जॅक लावायचा, आणि मग तो सगळा ऐवज पोटावर येऊ न देता बाहेर ओढायचा. वरचं झाकण उघडलं तर ऑइलमध्ये पितळी चमचम दिसली. दिसायला सुंदर, अर्थानं वाईट. सिंक्रोच्या कड्या झिजून त्यांची भुकटी तळाशी बसली होती. ट्रान्सफर केसमध्ये मधला गिअर ज्या शाफ्टवर फिरतो तो लढाईच्या गाड्यांमध्ये जेमतेम पाऊण इंचाचा असतो. सगळी ताकद त्याच्यावरून जाते. पुढे कारखान्यानं तो जाड करत करत सव्वा इंचावर नेला, यावरूनच काय ते समजावं. आमच्या शाफ्टला बोटाला लागतील असे खड्डे होते आणि मूळ बेअरिंगच्या जागी कुण्या टर्नरनं गनमेटलची बुश ठोकली होती. माप चोख, आतून तेलासाठी नागमोडी चर कोरलेली. मला ती इतकी आवडली की ती ठेवू या म्हटलं. उस्तादांनी ती हातात फिरवून बघितली, "काम चांगलं केलंय," म्हणाले, आणि तराजूवर टाकली. गनमेटलला भाव आहे. नवा शाफ्ट, नवं बेअरिंग. भावनेनं गाडी चालत नसते हे त्यांचं मत मला त्या क्षणी पटलं नाही, आणि ट्रान्सफर केस पहिल्यांदा हातानं फिरवली तेव्हा पटलं.

मग प्रश्न आला एक्सलचा, आणि इथे कर्नलसाहेब आले. आमच्या ओळखीतले निवृत्त अधिकारी, वानवडीला राहतात, त्यांच्याकडे स्वतःची फोर्ड बनावटीची जीप आहे आणि तिचा प्रत्येक बोल्ट त्यांनी तपासलेला आहे. फोर्डनं आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, आपलं एफ अक्षर उठवलं होतं. ते भिंग घेऊन आमच्या गाडीखाली गेले. बाहेर आले ते हात झटकत. "फ्रेम विलीजची. पुढची आडवी नळी गोल आहे. पुढच्या एक्सलवर एफचे बोल्ट. मागचं तर सीजेचं." हे शेवटचं खरं तर बाहेरूनही दिसतं. पुढच्या हबवर सहा बोल्टांची चकती आहे, मागच्या चाकाच्या मधोमध एकच मोठं खाचेचं नट. लढाईच्या जीपमध्ये मागेही ती सहा बोल्टांची चकती हवी. तिथे गाडीचा भार हाउसिंगच्या नळीवर असतो, एक्सल फक्त फिरवायचं काम करतं, तुटलं तरी चाक जागेवर राहतं. आमच्या गाडीत एक्सल तुटलं तर चाक आपल्या वाटेनं जाईल. इतकी वर्षं ते नट माझ्यासमोर होतं.

कर्नलसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. मूळ मागचं एक्सल शोधा, ४.८८ चंच. नाहीतर गाडी खिचडी आहे आणि खिचडीच राहील. त्यांनी मला केंद्राचा २०२१ चा नियमही दाखवला. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नंबरात व्हीए ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. मी तो नियम शिक्षिकेच्या डोळ्यांनी वाचला. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, असं म्हटलंय. क्राउन-पिनियनबद्दल नियम गप्प आहे. हे मी बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "नियम गप्प असला म्हणून आपण गप्प बसायचं का?" त्यांचा राग समजतो. माणूस ज्या गोष्टीवर आयुष्य काढतो तिच्यात भेसळ त्याला सहन होत नाही.

पण मूळ म्हणजे काय, हे मला कळेना. या जीपा लढाईत सहा लाखांहून जास्त बनल्या, दोन कंपन्यांनी, मुद्दाम अशा की एकीचा भाग दुसरीला बसावा. मैदानात मोडलेल्या तीन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करायची, हीच तर युक्ती होती. लष्कराच्या बेस वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलला गाडी गेली की इंजिन एका रांगेत, एक्सल दुसऱ्या रांगेत, आणि परत येताना तुमचंच एक्सल तुम्हाला मिळेल याची काळजी कुणी करत नाही. म्हणजे आमच्या विलीज फ्रेमखाली फोर्डचं एक्सल आलं ते बहुधा खाकी रंगातच आलं. नंतर कुणीतरी महिंद्राचं मागचं घातलं. पहिल्या भेसळीला इतिहास म्हणायचं आणि दुसरीला बिघाड, हे कुठल्या तारखेपासून?

तरी मी शोधलं. कर्नलसाहेबांच्या शब्दाखातर. रविवारी जुन्या बाजारात गेले, मंगळवार पेठेत. पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळं, टायपरायटर, एका चादरीवर फक्त कुलपं, दुसऱ्यावर फक्त किल्ल्या, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. जीपचं जॅक मिळालं, स्पीडोमीटरची काच मिळाली, एकानं मला लढाईचं म्हणून ट्रॅक्टरचं काहीतरी विकायचा प्रयत्न केला. एक्सल नव्हतं. नाना पेठेत उस्तादांच्या ओळखीनं एका माळ्यावर चढले. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं फळीमागून मेणकागदाचं एक पुडकं काढलं. आत ग्रीसमध्ये बुडवलेलं क्राउन-पिनियन, ८ आणि ४३, महिंद्राच्या पुढच्या एक्सलचं, कधीच न बसवलेलं. दोघांवर एकच नंबर कोरलेला. या जोड्या कारखान्यात एकमेकांवर घासून तयार करतात, म्हणून एक बदलून दुसरा ठेवत नाहीत. पुढचं हाउसिंग दोन्ही गाड्यांचं एकाच जातीचं, त्यामुळे ते आमच्यात बसणार होतं. उस्ताद पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. मागचं मूळ करण्यापेक्षा पुढचं मागच्यासारखं करा. आपल्या घाटांना ५.३८च बरं, चढाला इंजिन गुदमरत नाही.

मी ते पुडकं घेतलं. माळ्यावरून उतरताना मला वाईट वाटत होतं आणि हलकंही, दोन्ही एकदम.

या आकड्यांत एक गंमत आहे ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, वर्गातही मी ती सांगते. ३९ असो वा ४३, त्यांचा ८ शी सामाईक अवयव नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो. जुन्या जोडीत एक दात पुन्हा त्याच दाताशी यायला पिनियनच्या ३९ फेऱ्या व्हाव्या लागतात. ४० दात केले असते तर पिनियनच्या एका दाताच्या नशिबी आयुष्यभर तेच पाच दात आले असते, आणि एखादा दात खराब असता तर त्यानं त्याच पाचांना छळलं असतं. झीज सगळ्यांत वाटून जावी म्हणून तो एक दात कमी. आणि पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजला, सगळे दात गुणाकार करून मूळ जीपमध्ये इंजिनच्या साधारण २६ फेऱ्यांना चाकाची एक फेरी पडते. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, आजच्या एखाद्या लहान मोटारीइतकं, पण २६ पट जोरानं ढकलणारं. ही सगळी करामत त्या ओरडणाऱ्या लोखंडी डब्यात आहे, इंजिनात नाही. लोक बॉनेट उघडून फोटो काढतात. खाली वाकून कुणी बघत नाही.

पुढच्या चाकांमध्ये, चाक वळलं तरी ताकद पोचवणारा, बेंडिक्सचा जॉइंट निघाला, चार गोळ्या फिरवणाऱ्या आणि मधे एक. उघडला की गोळ्या गॅरेजभर पळतात. पोरानं त्या ताटात झेलल्या. त्यांची झीज मापात होती, धुऊन परत बसवल्या, तो विषय तिथेच संपला. प्रॉपेलर शाफ्टचे दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका पातळीत नव्हते, कुणीतरी एका खाचेनं चुकवून बसवले होते. टण्ण आवाजाचा आणि वर्षानुवर्षांच्या थरथरीचा निम्मा वाटा तिथेच होता. खाच बदलणं चहा थंड व्हायच्या आत झालं.

क्राउन-पिनियन बसवणं मात्र असं होत नाही. पिनियन किती आत, क्राउन किती डावीकडे, हे कागदाएवढ्या पातळ शिमांवर, म्हणजे धातूच्या चकत्यांवर, ठरतं. उस्तादांनी एका डबीतून शेंदूर काढला. तुळशीबागेतून आणलेला, देवाचाच, तेलात कालवलेला. तो ब्रशनं क्राउनच्या दातांना लावायचा, पिनियन फिरवायचा, आणि जिथे शेंदूर पुसला गेला तिथे दात दाताला भेटतो. ठसा मुळाशी आला तर पिनियन फार आत, टोकाशी आला तर फार बाहेर. मधोमध लांबट बदामी ठसा हवा. किती वेळा काढलं आणि घातलं ते मी मोजणं सोडून दिलं. ठसा छान आल्यावर उस्तादांनी हातानं क्राउन हलवून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघितला, "बरोबर," म्हणाले. मी आपली हट्टी. कॉलेजातून डायल गेज, बारीक अंतर मोजणारं घड्याळ, नेलं होतं, ते लावलं. पाच ते सात थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, हवे, दाखवत होतं अकरा. उस्तादांचा चेहरा पडला. "तुमचं ते घड्याळ शाळेतलं आहे," म्हणाले. पोरगा दुसरीकडे बघायला लागला. मग दुपारच्या नमाजाला गेले, परत आले, न बोलता एक शिम इकडून काढून तिकडे घातली. सात. गेजकडे बघून मान हलवली आणि त्यानंतर दर वेळी स्वतःच मागून घ्यायला लागले.

ऑइलवरून आमचं भांडण झालं नाही, कारण तिथे दोघांचं एकमत होतं. क्राउन-पिनियनच्या पेटीला, डिफरन्शियलला, हवं तसं ऑइल असू दे, पण गिअरबॉक्सला आजचं जहाल जीएल-५ नको. त्यातलं रसायन पिवळ्या धातूला खातं आणि सिंक्रोच्या कड्या पितळवर्गीच आहेत. साधं ९० नंबर. दुकानदारानं मला महागडं खपवायचा प्रयत्न केला तर उस्तादांनी त्याला असं काही ऐकवलं की ते इथे लिहिता येणार नाही.

हे सगळं चालू असताना एका संध्याकाळी आई मेथी निवडत होत्या आणि मी समोर बसून ४३ आणि ३९ ची गोष्ट त्यांना सांगितली. सहज, काहीतरी बोलायचं म्हणून. त्यांनी हात थांबवला नाही. "हो ना," म्हणाल्या. "मागचं एक्सल मोडलं होतं भोरच्या कामावर. हा तेव्हा तिसरी-चौथीत असेल. बिल अडकलेलं होतं सहा महिने. मिळालं ते बसवलं. मिस्त्री म्हणाला, आता पुढचंही बदलावं लागेल, नाहीतर तो दांडा वापरू नका. हे म्हणाले, पुढच्या वर्षी करू." मग काड्या बाजूला सारत त्या म्हणाल्या, "मग काय, पुढच्या वर्षी शाळेची फी, मग माझं ऑपरेशन. जीप चालत होती ना."

मी विचारलं, हे याला का नाही सांगितलं कधी?

"पोराला काय सांगायचं, पैसे नाहीत म्हणून?"

त्या उठून मेथी धुवायला गेल्या. मी तिथेच बसले. मला आप्पांचा राग आला, खरं सांगायचं तर. एका वाक्यात संपलं असतं. आणि तरी ते वाक्य त्यांच्या तोंडून कसं आलं असतं याची कल्पना करून बघितली तर ते येईना. त्यांच्या पिढीच्या कितीतरी मनाया अशाच असतील. हॉटेलात खायचं नाही, सहलीला जायचं नाही, टेपरेकॉर्डरला हात लावायचा नाही. आम्ही त्याला शिस्त समजलो, कुणी जाच समजलं. खाली कुठेतरी न जुळणारे दात होते आणि ते दुरुस्त करायला पैसे नव्हते.

नवऱ्याला मी रात्री सांगितलं. तो लॅपटॉपवर काहीतरी करत होता. बराच वेळ करतच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे चिखलातून निघाली ते बरोबर होतं?" बरोबर होतं, चिखलात काही बिघडत नाही, मी म्हटलं. "आणि रस्त्यावर आल्या आल्या काढला असता तर?" तर काही झालं नसतं. त्यानं मान हलवली. नंतर पाणी प्यायला उठला तेव्हा स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, "दहा टक्के फरक म्हणजे फार आहे नाही?" फार आहे, मी म्हटलं. त्या रविवारी तो नाना पेठेत आला. उस्तादांना त्यानं फक्त एक विचारलं, त्या काळी पुढचं काम करायला किती लागले असते. उस्ताद म्हणाले, "तेव्हा अब्बा होते. मागितलं असतं तर अब्बांनी उधारीवर केलं असतं. निम्मी नाना पेठ उधारीवर चालायची." नवरा म्हणाला, "आप्पा उधारी करत नसत." उस्तादांनी खांदे उडवले. यात कोण बरोबर होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जीप आता चालते. मुळशीच्या बाजूला, पावसाळ्यात, एका भातखाचराच्या बांधाला लागून असलेल्या कच्च्या वाटेवर आम्ही ती नेली. तो चालवत होता. दांडा ओढला, चारही चाकांनी एकदम जमीन धरली, गाडी निमूट वर आली. शिट्ट्या वाजवण्यासारखं काही झालं नाही. डांबराच्या कडेला त्यानं गाडी थांबवली आणि दांडा परत ढकलला, आरामात गेला. उस्तादांनी ते बजावून ठेवलंय. दोन्हीकडचे दात जुळले तरी या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे तडजोड करणारं काही नाही, वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पीळ तेव्हाही भरतो. कोरड्या रस्त्यावर हा दांडा आताही ओढायचा नाही. मुलीला गाडी शिकायची आहे, तिला मी हे कागदावर चाकं काढून समजावलं. तिला ते फारच लांबलं असं वाटलं.

जुनी ४.८८ ची जोडी कर्नलसाहेबांकडे गेली. त्यांच्या पुढच्या पिनियनचा एक दात टवका गेलेला होता हे त्यांनी आम्हाला इतके दिवस सांगितलं नव्हतं. पैसे घ्या म्हणाले, मी घेतले नाहीत, मग त्यांनी घरच्या आंब्याची पेटी पाठवली.

दुसरा गिअर मात्र उतारावर अजून सुटतो. नव्या कड्या, नव्या स्प्रिंगा, सगळं करूनही. परवा उस्तादांनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून म्हणाले की हा लढाईचा गिअरबॉक्स मुळातच नाजूक, त्यांच्या नजरेत महिंद्राचा एक आहे, दणकट, थोडी कानस मारली की बसेल. कर्नलसाहेबांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.